बूटकाकांचं प्रगतिपुस्तक

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी अकराला फुटबॉल क्लबच्या चिटणीसबाई घरी आल्या. आधी फोन न करता आल्या, हे नमूद करून ठेवतो. धाकट्याला जाऊन आता सात महिने होतील. येत्या २८ तारखेला, रविवारी, क्लब त्याच्या आठवणीसाठी एक दिवस ठेवणार आहे. जुने खेळाडू विरुद्ध आताचे खेळाडू असा सामना, आणि एक छोटी स्मरणिका. नाव ठेवलंय 'बूटकाका दिवस'.

मी विचारलं, "हे बूटकाका कोण?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, तुमचे भाऊ."

माझा सख्खा भाऊ बावीस वर्षं ज्या नावाने ओळखला जात होता, ते मला आज कळलं. चांगल्या उंच माणसाला बूटकाका! भरभर म्हटलं तर बुटका काका ऐकू येतं. शब्द जोडताना लोक विचार करत नाहीत.

स्मरणिकेत घरच्या माणसाचा लेख हवा, आणि त्या दिवशी चार शब्द बोलायला मी हवा. अडतीस वर्षं शाळेत काढली, त्यातली चौदा मुख्याध्यापक म्हणून. लेख-भाषण मला नवीन नाही. पण धाकट्याबद्दल लिहायचं काय? तो त्या क्लबात दुसऱ्यांचे बूट पुसायचा, मोजे धुवायचा. सदतिसाव्या वर्षी कचेरीतली कायमची नोकरी सोडून हे करायला गेला. तेव्हा मी एकदाच बोललो होतो, आणि मोजकं बोललो होतो. "या घरात त्या क्लबचं नाव निघायला नको." त्याने ते ऐकलं. दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे दुपारी जेवायला यायचा. हवापाणी, दाढदुखी, शेजारपाजार सगळं बोलायचा, पण क्लबचा 'क'सुद्धा त्याच्या तोंडून कधी आला नाही. स्वभावाने गरीब. लग्नही केलं नाही.

मी बाईंना हो म्हटलं. ही स्वयंपाकघरातून डोळे पुसत बाहेर आली. कांदा चिरत होते म्हणाली. जेवणात मात्र कांदा कुठे दिसला नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लेखाची तीन पानं झाली. 'माझा धाकटा बंधू हा बालपणापासूनच अत्यंत शिस्तप्रिय व कर्तव्यनिष्ठ होता,' अशी सुरुवात केली आहे. हिला वाचून दाखवलं.

"छान आहे," ही म्हणाली. "कोणाबद्दल आहे?"

मी पानं आवरू लागलो. मग तीच म्हणाली, "अहो, एकदा तिकडे जाऊन लोकांशी बोला तरी. आणि पुढच्या फाटकाने जाऊ नका, उगाच सगळं मैदान तुडवावं लागेल. मागचं लोखंडी फाटक, तिथून डावीकडे तिसरं दार."

तुला काय ठाऊक, म्हणून विचारलं. म्हणाली, "भावजींनीच सांगितलं असेल कधीतरी."

असेल.

९ सप्टेंबर, मंगळवार

जाऊन आलो. मागच्या फाटकाने.

फाटकावरच्या म्हाताऱ्याने आधी अडवलं. नाव-गाव सांगितल्यावर टोपीच काढली. "म्हणजे तुम्हीच ते दादा? थांबा, थांबा, सगळ्यांना सांगतो." आणि आत ओरडत गेला, "अरे, दादा आलेत! खरेखुरे दादा!"

मला काही उलगडा होईना. खेळाडू सरावावरून परतत होते, चिखलाने माखलेले, एकमेकांना ढकलत. मला बघितल्यावर एकदम रांगेत उभे राहिले. एकाने तर घाईघाईने मोजे वर ओढले. नव्या पिढीतही वडीलधाऱ्यांचा मान राखणारे आहेत म्हणायचे.

धाकट्याची खोली आमच्या मोरीपेक्षा फार मोठी नसेल. तीन भिंतींना फळ्या, प्रत्येक फळीवर नंबर, प्रत्येक नंबरासमोर बुटांच्या दोन-दोन जोड्या. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. चामड्याचा, पॉलिशचा आणि साबणाचा मिळून एक वास. शेजारच्या खोलीत कपडे धुण्याची तीन मोठी यंत्रं आहेत. ती चालवणारी एक ठणठणीत बाई आहे, तिला सगळे धुलाईताई म्हणतात. त्यांनी चहा दिला, पायरीवर बसवलं आणि बोलायला सुरुवात केली ती थांबेचनात. मी टिपणं घेतली.

बुटाचा तळ बघून धाकटा सांगायचा की कोणाचा गुडघा दुखतोय. खेळाडू लपवायचा, हा त्याच्या टाचेची झीज डॉक्टरांना नेऊन दाखवायचा. क्लबच्या जुन्या गोलकीपरचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लहान. त्याला लाज वाटायची. धाकट्याने नऊ वर्षं त्याच्या एका बुटात आतून चामड्याची पट्टी बसवली, आणि ही गोष्ट तो निवृत्त होईपर्यंत तिसऱ्या माणसाला कळू दिली नाही. पेनल्टी मारणाऱ्या खेळाडूला सामन्याआधी उलट्या व्हायच्या, तर त्याच्यासमोर मांडी घालून बसायचा, नाडी बांधता बांधता त्याला तेराचा पाढा म्हणायला लावायचा. "तेर नव्वे सतरोदरसे म्हणेपर्यंत त्याचं पोट शांत!" धुलाईताई म्हणाल्या.

तेराचा पाढा धाकट्याला मीच घोटून घेतला होता. फार मार खाल्ला होता त्याने त्यावरून.

निघताना ताईंनी एक जाड वही हातात ठेवली. "तुमच्याकडेच असू दे. तुमच्याच धर्तीवर होती म्हणायचे काका." वहीवर त्याच्या गोल अक्षरात लिहिलंय: 'प्रगतिपुस्तक'. दर महिन्याला प्रत्येक खेळाडूच्या बुटांना दहापैकी गुण, आणि पुढे शेरा. घरी येईपर्यंत धीर धरवला नाही, बसथांब्यावरच उघडली.

'नंबर ४. उजवा बूट हुशार, पण डाव्याच्या नादी लागून वाया चालला आहे.'

'नंबर ९. सुधारणेस भरपूर वाव. आता नुसत्या वावावर किती दिवस काढणार?'

'नंबर ११. नाड्यांना गाठी सोळा. पालकांनी येऊन भेटावे.'

'नंबर २. वर्गात लक्ष नसते. कालच्या सामन्यातही नव्हते.'

हे शेरे माझे आहेत! शब्दन् शब्द माझा. अडतीस वर्षं मी मुलांच्या प्रगतिपुस्तकांत हेच लिहीत आलो. आणि त्याने ते बुटांना लावले! संताप आला. मग बसथांब्यावर मला हसू आलं. इतकं, की शेजारचा माणूस थोडा लांब सरकला.

१४ सप्टेंबर, रविवार

लेख आठ पानांवर गेला. त्यात 'शिस्त' सतरा वेळा आली आहे, असं हिने मोजून सांगितलं.

आज ही घरीच. पूर्वी एकाआड एक रविवारी बहिणीकडे जायची. घरी यायची तेव्हा घसा बसलेला असायचा. दोघी बहिणी जमल्या की बोलणार तरी किती! फेब्रुवारीपासून मात्र जाणं बंदच आहे. काहीतरी बिनसलं असावं. मी त्यात पडत नाही. मेव्हणीची तऱ्हाही वेगळीच, मागे एका लग्नात भेटली तेव्हा मलाच म्हणाली, "तुमची बायको माझ्याकडे वर्षवर्षभर फिरकत नाही." अतिशयोक्तीलाही काही मर्यादा असते.

भाषणात खेळाचा उल्लेख हवा म्हणून ऑफसाइड म्हणजे काय ते पुस्तकात शोधत होतो. चार वेळा वाचूनही कळेना. हिने टेबलावरचे डबे मांडले. साखर म्हणजे बचाव करणारा, मीठ म्हणजे गोलकीपर, चहाचा डबा पुढे घुसतोय. "आता चमच्याने पास दिला. दिला त्या क्षणी चहा कुठे होता? साखरेच्या पुढे. म्हणजे ऑफसाइड. पास दिल्यावर पुढे गेला असता तर चाललं असतं." एका मिनिटात समजलं. ही शाळेत शिकवायला असती तर उत्तम शिक्षिका झाली असती. वर्तमानपत्र मन लावून वाचते, त्याचा हा परिणाम.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लेखाला फोटो हवा म्हणून क्लबात गेलो होतो. धुलाईताई म्हणाल्या, "सर, वहिनी बऱ्या आहेत ना? फेब्रुवारीपासून त्यांची जागा रिकामी. आम्ही कोणाला बसू देत नाही तिथे."

कोणत्या वहिनी, म्हणून विचारलं. ताईंनी जीभ चावली, आणि घाईघाईने यंत्राचं झाकण उघडून आत काहीतरी शोधू लागल्या.

मग बाहेरच्या भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले. सहा वर्षांपूर्वी क्लबने मोठा चषक जिंकला, तेव्हाचा फोटो मधोमध आहे. धाकटा कुंपणाला टेकून दोन्ही हात वर करून उभा. कुंपणापलीकडे, पहिल्या रांगेत, गळ्यात क्लबचा पट्ट्यापट्ट्यांचा मफलर घातलेली एक बाई खुर्चीवर उभी आहे. बसलेली नाही, उभी. तोंड एवढं उघडं, की पडजीभ दिसावी.

बेचाळीस वर्षं संसार केलाय. ओळखण्यात चूक होणार नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

काल घरी आल्यावर बोललो नाही. सकाळी चहा झाल्यावर विचारलं, "बहीण कशी आहे?"

हिने माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "कळलं वाटतं."

"बावीस वर्षं!" मी म्हणालो. "बावीस वर्षं तू माझ्याशी खोटं बोललीस."

"बहिणीकडे जाते म्हणाले, ते खोटं. त्याबद्दल चुकलंच माझं. पण तुम्ही काय म्हणाला होतात? या घरात क्लबचं नाव निघायला नको. काढलं का मी? भावजींनी काढलं? घरात एकदासुद्धा नाही!"

वाक्य माझंच. तिने ते काटेकोर पाळलं होतं.

मग ही सांगत गेली. पहिल्यांदा गेली ती त्याच्यासाठी डबा घेऊन, त्याला ताप असताना. सामना सुरू होता म्हणून पाच मिनिटं थांबली. "ती पाच मिनिटं बघा, बावीस वर्षं चालली." हे सांगताना तिला हसू आवरेना, आणि मला तिच्या हसण्याचा राग येईना.

मला राग येत होता तो सोमवारचा. रविवारचा सामना दोघांनी पाहिलेला, जिंकलेला असो की हरलेला, आणि सोमवारी दोघं माझ्यासमोर ताटाकडे बघत जेवतायत. मधूनच एकमेकांकडे बघून हसू दाबतायत. आणि मी विचारतोय, "आज भाजीत मीठ जास्त झालंय का?" केवढं पोटात साठवून बसायचा तो माझ्यासमोर.

"त्याने मला कधी सांगितलं का नाही?" मी विचारलं. "मी काय त्याला खाल्लं असतं?"

"मी शंभरदा म्हटलं, सांगून टाका. ते म्हणायचे, वहिनी, दादा आपणहून विचारेल ना, त्या दिवशी सगळं सांगू. पहिल्या सामन्यापासून. त्याला तपशील लागतो."

मी बावीस वर्षं विचारलं नाही.

ही उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला. दूधवाला दार वाजवून निघून गेला.

२२ सप्टेंबर, सोमवार

चिटणीसबाईंचा फोन. स्मरणिका उद्या छपाईला जाणार, लेख कुठे आहे? मी म्हटलं, मी २८ तारखेला येणार नाही. ज्याने बावीस वर्षं त्याचं काम पाहिलं नाही, त्याने त्याच्यावर बोलणं शोभत नाही.

बाई म्हणाल्या, "सर, एक सांगू? रागावू नका. खेळाडू तुम्हाला बघून रांगेत का उभे राहिले, माहीत आहे? काका रोज म्हणायचे, आमच्या दादांनी असले बूट पाहिले असते तर वर्गाबाहेर उभं केलं असतं. एकही दिवस त्याशिवाय गेला नाही. आमच्याकडे नवीन खेळाडू आला की त्याला पहिल्या आठवड्यात तुमचं नाव कळतं, मग प्रशिक्षकाचं. तुम्ही नाही आलात तर ही पोरं मला खातील."

मी त त प प करून फोन ठेवला.

दुपारी लेखाची अकरा पानं फाडली. (पाठकोरी बाजू कामाला येईल म्हणून अर्धीच फाडली.) स्मरणिकेसाठी वहीतले त्याचे चाळीस शेरे उतरवून पाठवले, त्याच्या अक्षरातली दोन पानंही जोडली. खाली एकच ओळ लिहिली: 'या सर्व शेऱ्यांतील शब्द माझे, पण त्यांत माया आहे ती त्याची.' हिने ती दोनदा वाचली. कोणाबद्दल आहे, असं यावेळी विचारलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळीच गेलो. हिने कपाटाच्या तळातून मफलर काढला. हिवाळ्याच्या पांघरुणांखाली दडवलेला असायचा म्हणे. मागच्या फाटकापाशी पोचलो तर म्हातारा हिला म्हणतो, "वहिनी! सात महिने सुट्टी घेतलीत!" आणि ही रडली आणि हसली, दोन्ही एकदम.

बुटांच्या खोलीबाहेर जुने-नवे मिळून छत्तीस खेळाडू मोज्यांवर उभे होते, हातात आपापले बूट. आजचे बूट प्रत्येकाने स्वतः साफ केले होते. धुलाईताईंनी मला खडू आणि पाटी दिली. "सर, गुण द्या."

मला वाटलं थट्टा आहे. पण सगळे खरोखर ताठ उभे. मग मीही चष्मा लावला. हात मागे बांधून पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलो. मध्यमवयीन, पोट सुटलेला जुना गोलकीपर माझ्यासमोर श्वास रोखून होता. त्याच्या डाव्या बुटात हात घातला. चामड्याची पट्टी अजून जागेवर होती. "दहा," मी म्हटलं. त्याने डोळे मिटून घेतले. कर्णधाराच्या टाचेमागे वाळलेला चिखल सापडला. "चार. पालकांनी येऊन भेटावे." जो हशा उठला! त्याची आई तिथेच बसली होती, ती उठून खरंच भेटायला आली. "सर, घरीसुद्धा असंच आहे," म्हणाली.

बोलायची वेळ आली तेव्हा मैदानाच्या मधोमध ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "माझा भाऊ दर सोमवारी माझ्याकडे जेवायला यायचा. बाकीचे सहा दिवस तो तुमच्याकडे असायचा. मला आज कळलं की त्याचं बरं चाललं होतं." एवढंच बोलता आलं. भाषण म्हणून मी त्याला पस्तीस गुणही दिले नसते. पण लोक उभे राहिले.

मग पहिली लाथ मारायचा मान माझा. पंचांनी शिट्टी वाजवली, मी धावत आलो, पाय फिरवला, आणि चेंडू होता तिथेच. मी गवतावर बसलेलो. मग मला पहिल्या रांगेतून हिचं हसू ऐकू आलं, आणि पाठोपाठ सगळं स्टँड. मीही हसलो. उठवत नव्हतं इतकं हसलो. दोन्ही कर्णधारांनी काखेत हात घालून उभं केलं. "फेरपरीक्षा!" कोणीतरी ओरडलं. दुसऱ्या खेपेला चेंडू सरळ गेला, निदान दहा पावलं.

सामना हिच्या शेजारी बसून पाहिला. मफलर अर्धा तिच्या गळ्यात, अर्धा माझ्या. जुन्यांचे श्वास वीस मिनिटांत फुलले, तरी गोलकीपरने एक चेंडू अशी आडवी उडी मारून अडवला की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. नंतर रेषेवरच्या पंचाने निशाण वर केलं, तेव्हा मी उभा राहून त्याला ठणकावलं, "अहो, पास दिला तेव्हा तो कुठे होता? नीट बघा! चष्मा लावा!" पंच दचकून माझ्याकडे वळला. हिने माझा कोट धरून खाली ओढलं. "अहो, निकाल आपल्याच बाजूने दिलाय त्यांनी!"

मग मी त्यांचे आभार मानले. तेही ओरडूनच.

तीन-तीन बरोबरी झाली. घरी येताना दोघंही पाय ओढत चालत होतो, आणि मध्येच हसत होतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

अंग मोडून आलंय. कंबर विशेष.

दुपारी जेवायला बसलो. तिसरी खुर्ची सात महिने रिकामीच असते. आज कशी कोण जाणे, तिच्याकडे बघवत होतं. जेवण झाल्यावर ताटं उचलू दिली नाहीत. हिला म्हटलं, "बस. सांग."

"काय सांगू?"

"सगळं. तू डबा घेऊन गेलीस तिथून. तो कुठे उभा होता, अंगात काय होतं, काय बोलला."

हिने हात पुसले. मग खुर्ची ओढून बसली, आणि तिने सांगायला घेतलं. हवा कशी होती, मैदानात पाणी कुठे साठलं होतं, ताप असूनही धाकटा मोज्यांची टोपली डोक्यावर घेऊन कसा धावत होता. मध्ये साखरेचा डबा लागला, मग मीठ, मग चमचे. मी प्रश्न विचारले. ती एकदा चुकली, मग स्वतःच म्हणाली, थांबा, तो गोल नंतरचा, आणि पुन्हा मागे गेली. घाई कोणालाच नव्हती. दर सोमवारी बसायचं ठरलं आहे. बावीस वर्षांचे सामने आहेत, त्यातला पहिलाच आज अजून संपलेला नाही. आपण एका गोलने मागे आहोत, मध्यंतर झालं आहे, आणि ही चहा ठेवायला उठली आहे, म्हणून तेवढ्यात हे लिहून घेतलं.